रिचर्ड पेन नाइटची चूक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिचर्ड पेन नाइट या जुन्या कलावस्तू जमवणाऱ्या अठराव्या शतकातल्या इंग्रजावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘आजोबांच्या लोखंडावर जगलेला हा हौशी जमीनदार. पार्थेनॉनची शिल्पं समोर असून ज्याला ओळखता आली नाहीत त्याला तुम्ही जाणकार म्हणता, आणि घारापुरीचा तुकडा विलायतेला नेणाऱ्याचं मराठीतून कौतुक करता!’ तिखट आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेलं आहे. म्हणून हे लांबलेलं उत्तर.

घारापुरीचं आधी, कारण तिथे माझंच वाक्य ढिसाळ होतं. तो तुकडा नाइटने नेला नाही, त्याच्या मालकीचाही नव्हता. एका जहाजाच्या कप्तानाने तो इंग्लंडला आणला आणि तो चार्ल्स टाउनली या संग्राहकाकडे गेला. नाइटने १७८६ साली प्रायापस या ग्रीक-रोमन प्रजननदेवाच्या पूजेवर जो निबंध छापला, त्यात या मिथुनशिल्पाचं चित्र दिलं. घारापुरी त्याने कधी पाहिली नव्हती, आणि त्याचे बरेचसे तर्क आज टिकत नाहीत. पण एक आहे: आपल्याकडच्या शिल्पाला ‘राक्षसी’ म्हणून हिणवण्याची रीत असलेल्या काळात त्याने ते ग्रीक-रोमन प्रतिमांच्या पंक्तीला बसवलं. त्यापायी पुढे त्याला इतक्या शिव्या खाव्या लागल्या की वाटलेल्या प्रती परत गोळा करायची वेळ आली.

पैशाचं तुमचं म्हणणं मान्य. आजोबा लोखंडाच्या भट्ट्यांवर श्रीमंत झाले, नातवाला हेरफर्डशरमधली जमीन आयती मिळाली. टेम नदीच्या काठी त्याने डाउंटन कॅसल बांधला, बाहेरून बुरुजांचा किल्ला आणि आत रोमन थाटाचं जेवणघर! १७८० ते १८०६ तो पार्लमेंटात होता, आधी लेम्स्टरचा, मग लडलोचा सदस्य. फॉक्स या व्हिग पुढाऱ्याच्या गटातला. तिथे त्याने काही दिवे लावले नाहीत.

आता पार्थेनॉन, म्हणजे अथेन्सचं प्राचीन ग्रीक मंदिर. त्याची शिल्पं इंग्लंडला आणणाऱ्या लॉर्ड एल्गिनला नाइटने जेवणाच्या टेबलावरच सुनावलं, की तुमचे संगमरवर ग्रीक नाहीत, सम्राट हेड्रियनच्या काळातले रोमन आहेत. १८१६ च्या संसदीय समितीपुढेही त्याने ही शिल्पं दुसऱ्या प्रतीची ठरवली आणि किंमत २५,००० पौंड लावली. सरकारने ३५,००० दिले. चूक मोठी आहे, मी ती झाकत नाही. पण ती आली कुठून? सतराव्या शतकात अथेन्सला गेलेल्या स्पॉन नावाच्या फ्रेंच प्रवाशाला मंदिराच्या छपराखालच्या दर्शनी त्रिकोणातल्या दोन मूर्तींत हेड्रियन आणि त्याची राणी दिसली होती. नाइटने तो धागा पकडला आणि सोडलाच नाही.

माझ्या मते खरी अडचण आणखी खोल आहे. नाइटची नजर तळहातावर मावणाऱ्या वस्तूंवर घडली होती: नाणी, लहान कांस्यमूर्ती, कोरीव खडे. वस्तू हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, कडा चाचपायची. ग्रीसच्या एपिरस भागातल्या पारामिथियाला सापडलेल्या कांस्यमूर्ती एका तांबटाला भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या होत्या. एका ग्रीक व्यापाऱ्याच्या लक्षात आल्या म्हणून भट्टीतून वाचल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच नाइटने मिळवल्या. ही त्याची खरी पेठ. तिथे अखंड, घोटीव, गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे उत्तम काम. हाच गज घेऊन तो डोकं-हात तुटलेल्या, पावसाने खरवडलेल्या, चाळीस फूट उंचीवर बसवायला घडवलेल्या मूर्तींपुढे उभा राहिला. ज्या सवयीने तो जाणकार झाला तिनेच त्याला इथे आंधळं केलं. ‘त्याला कळत नव्हतं’ एवढ्यावर हे मिटत नाही.

आणि हो, त्याच्या पेठेतही तो फसलाच. फ्लोरा देवीचं मुख कोरलेला एक खडा त्याने प्राचीन म्हणून विकत घेतला होता. रोमहून आलेला कोरक्या बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची म्हणाला, हा तर मीच कोरलाय. नाइटने शेवटपर्यंत मानलं नाही. (याच पिस्त्रुच्चीचा ड्रॅगन मारणारा घोडेस्वार सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यावर आला, म्हणजे आपल्याकडे जिला गिनी म्हणतात तिच्यावर. १९१८ साली ती मुंबईच्या टांकसाळीतही पडली.) हा किस्सा मूळ लेखात हवा होता. तुमच्या बाजूचा पुरावा मीच पुरवतोय.

मग जाणकार का म्हणतो? १८२४ साली मरताना त्याने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला: पाच हजारांवर नाणी, शेकडो कांस्यमूर्ती, अकराशेहून अधिक रेखाचित्रं, त्यांत सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याची अडीचशेच्या वर. क्लोदची इतकी रेखाचित्रं एका ठिकाणी जमवणं नुसत्या पैशाने होत नाही. ती फ्लोराही त्याच पेटाऱ्यातून गेली, आणि आज तिच्यापुढे पिस्त्रुच्चीचं नाव आहे.

घारापुरीचं वाक्य लेखात दुरुस्त केलंय. ‘जाणकार’ हा शब्द तसाच ठेवलाय.