‘कॉमेंटेटर चुकला तर काय बिघडलं?’ बरंच काही बिघडतं

फुटबॉलच्या प्रक्षेपणातल्या चुकांचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं. “चित्र समोर दिसतंय ना, मग बोलणारा चुकला तर काय बिघडलं? तो स्वतः खेळलेला माणूस आहे, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. थेट बोलताना जीभ घसरतेच. आणि आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासण्याची सोय आहे, खरं-खोटं लगेच कळतं.” मला यातलं फारच थोडं पटतं.

जे पटतं ते आधी सांगतो. पाठमोऱ्या खेळाडूचं नाव चुकलं, स्कोअर उलटा सांगितला गेला, तर त्यावरून कुणाला धारेवर धरू नये. नव्वद मिनिटं बोलत राहणं अवघड काम आहे. माझा राग नियमांबद्दलच्या चुकांवर आहे. त्या घाईत होत नाहीत. सामन्यामागून सामना, त्याच वाक्यांत आणि पूर्ण खात्रीने त्या ऐकू येतात.

“आधी बॉलला लागलाय, फाउल कसला?” हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या फाउलबद्दलच्या नियम 12 प्रमाणे रेफरीने पाहायचं ते असं: टॅकल, म्हणजे बॉल काढून घेण्याचा प्रयत्न, निष्काळजी होता का, समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेला होता का, गरजेपेक्षा जास्त जोर लावला होता का. बॉलला स्पर्श झाला की सुटका, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. बॉल काढून घेतला आणि त्याच झेपेत बुटाचे स्टड समोरच्याच्या नडगीवर रुतले, तर तो फाउल आहेच, रेड कार्डही निघू शकतं.

“लास्ट मॅन होता, रेडच हवं”, म्हणजे फाउल करणारा गोलकीपरआधीचा शेवटचा बचावपटू होता म्हणून रेड कार्ड द्याच, याचीही तीच गत. रेफरी चार गोष्टी तपासतो: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचावपटू किती व कुठे आहेत. शिवाय 2016 पासून, गोलची उघड संधी हुकवणारा फाउल पेनल्टी एरियात बॉल खेळण्याच्या प्रयत्नात झाला आणि पेनल्टी दिली, तर पिवळं कार्ड दाखवतात. हा बदल जुना झाला, तरी “रेड का नाही?” अजून ऐकू येतंच.

आता खेळलेल्या माणसाला नियम कळतातच, या समजाबद्दल. युरो 2008 मधला नेदरलँड्स-इटली सामना आठवा. बॉल पंच करायला निघालेल्या इटलीच्या गोलकीपर बुफोनची धडक बसून त्याचाच सहकारी पानुच्ची गोललाइनच्या मागे जाऊन पडला. तो तिथे पडलेला असतानाच नेदरलँड्सच्या व्हॅन निस्टलरॉयने बॉल आत वळवला. मैदानात त्याच्यापुढे एकटा बुफोन दिसत होता, म्हणून अनेक समालोचकांनी आणि माजी खेळाडूंनी ऑफसाइड ठरवून रेफरीवर झोड उठवली. पण असा बाहेर गेलेला बचावपटू ऑफसाइडच्या हिशेबात गोललाइनवरच आहे असं धरतात. ऑफसाइड नसायला गोलच्या बाजूला समोरच्या संघाचे निदान दोन खेळाडू लागतात; पानुच्ची आणि बुफोन मिळून दोन झाले, गोल वैध होता. शेवटी यूएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, जाहीरपणे नियम समजावून सांगावा लागला. मैदानावरचा अनुभव खेळाडूची धाव आणि चाल वाचायला नक्कीच कामी येतो, पण नियमपुस्तक वेगळं वाचावं लागतं. त्यात बदलही होत राहतात. 2019 मध्ये हँडबॉलचा नियम बदलला, 2021 मध्ये पुन्हा. निवृत्त खेळाडूला आठवतो तो त्याच्या काळातला नियम.

“चित्र दिसतंय ना” हा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण चित्रालाही समजावून सांगावं लागतं. 2014 च्या विश्वचषकात फ्रान्स-होंडुरास सामन्यात फ्रान्सच्या बेंझेमाचा फटका खांबाला लागला आणि गोलकीपर वायादारेसच्या अंगावरून लाइनपलीकडे गेला. बॉल लाइनपलीकडे गेला का हे सांगणाऱ्या यंत्रणेचा निकाल पडद्यावर दिसला: आधी खांबाचा क्षण आला, ‘गोल नाही’. मग गोलकीपरचा क्षण आला, ‘गोल’. दोन वेगळ्या क्षणांची ही दोन उत्तरं होती. बीबीसीचे समालोचक जोनाथन पिअर्स यांना मात्र यंत्रणाच परस्परविरोधी बोलतेय असं वाटलं आणि त्यांनी भर प्रक्षेपणात तिच्यावर शंका घेतली. लाखो लोक तेच चित्र बघत होते, आणि अर्थ सांगणारा एकच आवाज त्यांना चुकीचा अर्थ सांगत होता.

व्हीएआरबद्दल एवढंच की तो रेफरीचा निर्णय तपासतो, समालोचकाचं वाक्य नाही. निर्णय कायम राहिला तर “तरीही मला नाही पटत” म्हणून विषय संपतो आणि घरी बसलेल्याला वाटतं, रेफरीने लबाडी केली.

नुकसान होतं ते इथे. बहुतेक प्रेक्षक नियमपुस्तक कधीच उघडत नाहीत, त्यांचं नियमांचं शिक्षण टीव्हीवरच होतं. मग हौशी सामन्यात, जिथे कॅमेरा नाही की व्हीएआर नाही, एखाद्या विशीतल्या रेफरीच्या अंगावर पालक धावून जातात तेव्हा ओरडतात तीच वाक्यं: “बॉलला लागला होता!” “लास्ट मॅन होता!” रेफरी बरोबर असतो आणि शिव्याही त्यालाच पडतात.

काही वाहिन्यांनी माजी रेफरींना सोबत घेतलं, ते चांगलं झालं. ब्रिटनमध्ये बीटी स्पोर्टवर पीटर वॉल्टन होते, अमेरिकेत सीबीएसवर क्रिस्टिना उंकेल बोलतात. पण अशा तज्ज्ञाकडे माइक बहुधा मोठा वाद झाल्यावरच जातो. मधल्या शंभर छोट्या प्रसंगांत चुकीचा नियम सांगितला जातो आणि तसाच राहतो. तज्ज्ञाने समालोचकाच्या कानात सांगावं, आणि ज्याने चुकीचं सांगितलं त्यानेच पुढच्या थ्रो-इनच्या आत, त्याच आवाजात दुरुस्ती करावी. त्याला दहा सेकंद पुरतात.