चोवीस तासांची ठेवताय? मग हे वाचा

अभिनंदन! अखेर तुम्हाला घरकामाला चोवीस तासांची मुलगी मिळाली. ब्यूरोवाल्याला एका महिन्याच्या पगाराइतकं कमिशन मोजलंत, तो फोनवर झारखंडातलं 'गुमला' की 'सिमडेगा' असं काहीतरी बोलला, आणि काल संध्याकाळी एक पिशवी घेऊन ती तुमच्या दारात उभी राहिली. आता हिला टिकवायचं कसं? आमच्या सोसायटीत या विषयातले तज्ज्ञ मजल्यागणिक आहेत. त्यांचं ज्ञान फुकट वाटतो आहे, घ्या.

आधी नाव बदला. ती म्हणते पुष्पा, पण पुष्पा तर तुमच्या सासूबाई. 'पुष्पा, संडास घासलास का?' असं घरात ओरडणं बरं दिसत नाही (तशी इच्छा असली तरी). पिंकी ठेवा. आमच्या बी विंगमध्ये तीन पिंक्या आहेत. तिघींच्या आयांनी काय नावं ठेवली होती, ते बहुधा वॉचमनच्या वहीत असेल.

दुसरं, दोन तासांच्या बाईपेक्षा चोवीस तासांची का बरी, हे नीट समजून घ्या. लोकांना वाटतं, जास्त काम होतं म्हणून. छे! वरकामाची बाई पाच घरं फिरते. कुठे बोनस मिळतो, कुठे रविवारची सुट्टी, कोणाच्या घरी चहा सकाळचाच गरम करून देतात, सगळं तिला ठाऊक. जिन्यात दोघी भेटल्या की भाव फुटलाच. पुण्यात १९८० साली अशाच बायकांनी एकमेकींशी बोलून काम बंद केलं, पगारवाढ मागितली आणि वर मोलकरणींची संघटना उभी केली. बंगल्या-बंगल्यांतून भांड्यांचे ढीग साचले होते म्हणतात. चोवीस तासांचीला जिना नसतो. ती खाली उतरते ती बाबूला घसरगुंडीवर न्यायला, तेही तुमच्या गॅलरीतून दिसेल अशा बेताने. शेजारच्या पिंकीशी फार वेळ बोलताना दिसली तर वरून हाक मारा. वायफायचा पासवर्ड देऊ नका. फोन रविवारी, दहा मिनिटं, हॉलमध्ये.

आता तासांचं. एल अँड टीच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास कामाचं बोलणं जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं, तेव्हा तुम्ही केवढे खवळला होतात! स्टेटस ठेवलंत, 'आम्ही गुलाम नाही'. अगदी योग्य. ते स्टेटस तुम्ही टाइप करत होतात तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि लिंबूपाणी कोणी आणून दिलं, ते सोडा. ती पहाटे साडेपाचला दुधासाठी उठते, रात्री अकराला ओटा पुसून आडवी होते. दुपारची दीड तासाची डुलकी वजा केली तरी दिवसाचे सोळा तास, आठवड्याचे ११२. पगार समजा चौदा हजार. महिन्याचे ४८० तास धरले तर तासाला एकोणतीस रुपये. आकडा पाहून दचकू नका. 'राहणं-खाणं आमच्याकडेच' हे वाक्य पुढे जोडलं की कोणताही आकडा मोठा दिसतो. राहणं म्हणजे वॉशिंग मशीनच्या बाजूची, बिल्डरच्या नकाशात 'स्टोअर' लिहिलेली जागा. खाणं म्हणजे जे उरेल ते. उरलं नाही तर मॅगी आहेच की, दिलदारपणे सांगून ठेवा.

पगार हातात देऊ नका. 'उडवशील' म्हणा. 'आमच्याकडे जमा राहू दे, लग्नात एकदम देऊ.' व्याज विचारण्याइतकी ती शिकलेली नसते, आणि विचारलंच तर दुखावल्यासारखा चेहरा करा. घरच्या माणसांत कोणी व्याज मागतं का? कारण ती घरच्यासारखीच आहे, हे तर तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंय. गणपतीत सगळ्या कुटुंबाचा फोटो निघतो तेव्हा ती असतेच, कोणीतरी मोबाइल धरायला हवाच ना.

गणपतीवरून आठवलं. चैत्रात ती सरहुलसाठी गावी जायचं म्हणेल. साल वृक्षाला फुलं येतात, पूजा असते, सगळं गाव नाचतं वगैरे सांगेल. 'हे काय नवीन?' असं विचारा. तुम्ही स्वतः गणपतीला कोकणात जायला आठ दिवसांची रजा टाकता आणि साहेबाने 'तीनच मिळतील' म्हटलं तर त्याच्या संस्कृतीप्रेमावर शंका घेता, पण तो प्रश्न वेगळा. तो धर्माचा आहे. हिला नाइलाजाने सोडायचीच वेळ आली, तर हटिया एक्सप्रेसचं तिकीट जाण्या-येण्याचं काढा आणि एक महिन्याचा पगार अडकवून ठेवा.

कायद्याची भीती वाटते? अहो, कसला कायदा? महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात कल्याण आहे, तास नाहीत, पगाराचा दर नाही, रविवार नाही. तिथे नाव नोंदवायला ती कामावर असल्याच्या दाखल्यावर तुमची सही मागेल, तेव्हा पेन सापडत नाही असं सांगा. २०११ मध्ये जिनिव्हात घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी, स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ, हाकेला ओ देण्यासाठी थांबलेला वेळही कामात धरायचा, असलं काय काय त्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं आणि करार काही मंजूर केला नाही. सरकारही शेवटी आपल्यातलंच. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा म्हणून केंद्राला सांगितलं. समिती हा शब्द ऐकलात ना? झोपा मग निवांत.

एक २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मात्र घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या समितीचा पत्ता लिफ्टशेजारच्या फलकावर लावायची काही गरज नाही. तिथे आधीच 'नोकरांनी व पाळीव प्राण्यांनी मागची लिफ्ट वापरावी' ही सूचना आहे, गर्दी होईल.

एवढं सगळं करूनही एखाद्या सकाळी दूध दारातच पडून असेल आणि ओटा रात्रीचाच राहिलेला. पिशवी नाही, पिंकी नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहा, 'आमची पळून गेली, सगळ्यांनी दागिने तपासा.' दागिने जागेवरच असतील, पण तो मेसेज मागे घ्यायची पद्धत नाही. ब्यूरोवाल्याला फोन लावा. तो विचारेल, कुठली होती? गुमला की सिमडेगा, तुम्हाला आठवणार नाही. त्यालाही नाही. 'सोमवारी दुसरी पाठवतो,' तो म्हणेल.

तिचं आधार कार्ड तुमच्या लॉकरमध्येच राहिलंय. ते जरा मागे सारा, नवीचं ठेवायला जागा लागेल.