शून्य रेझिस्टन्सचे ऐंशी रुपये

इन्व्हर्टरची बॅटरी बघायला आलेल्या पोरानं तिच्या झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि "गेली" म्हणून सांगितलं. मीटर नाही, ॲसिडची घनता बघायचा हायड्रोमीटर नाही. नव्या बॅटरीचा भाव मात्र तोंडपाठ. घरच्यांनी लगेच माना डोलावल्या, कारण त्याच्याकडं बॅग होती.

बॅटरीत करंट जातो तरी किती, हे मला रात्रभर मोजून बघायचं होतं. मल्टिमीटरला १० अँपियरचं भोक असतं, पण शेजारी बारीक अक्षरात 'काही सेकंदच' अशी तंबीही असते. म्हणून शंट. निगेटिव्ह वायरच्या मधे अगदी नगण्य ओहमचा रेझिस्टन्स घालायचा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं. ०.०१ ओहममधून १० अँपियर गेले की ०.१ व्होल्ट. ते अँप्लिफायरनं वीसपट केलं की २ व्होल्ट, आणि ते आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला आरामात वाचता येतं. उष्णता होते फक्त १ वॅट. कागदावर सगळं झकास होतं. मग मी दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, मला तिथं परत जावं लागणार आहे.

"पॉइंट झिरो वन ओहमचा रेझिस्टन्स द्या, पाच वॅटचा."

दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. "पॉइंट झिरो वन? मग वायरच न्या की! फुटावर देतो."

काउंटरवरची सगळी हसली. तांब्याची वायर तापली की तिचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो, म्हणजे २५ अंश तापली की मोजमापात १० टक्के थाप. म्हणून तर एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ साली तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल मिसळून मँगनिन काढलं. हे सगळं मी सांगायला लागलो, पण १८९२ पर्यंत पोचायच्या आत दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिक्सरचे कार्बन देत होता.

"आणि अँप्लिफायर?" मी चिकाटीनं विचारलं.

"किती वॅटचा? घरगुती का डॉल्बीला?"

शेवटी एलएम ३५८ ही आठ पायांची आयसी मिळाली. हिच्या इनपुटलाच ७ मिलिव्होल्टपर्यंत चूक असू शकते, आणि माझ्या शंटच्या हिशेबात ती ०.७ अँपियर होते. म्हणजे बॅटरी सोडवून ठेवली तरी मीटर पाऊण अँपियरच्या आसपास बडबडू शकतो. आधी शून्याचं रीडिंग घेऊन ते वजा करायचं, दुसरं काय! बरी आयसी मागितली तर "हीच चालती सगळीकडं" असं उत्तर आलं.

इतक्यात बाकड्यावरचे मामा उठले. मोटर रिवाइंडिंगवाले असावेत, बोटांना वार्निश होतं. आणि कान दोन्ही मोडलेले, तालमीतले. असल्या कानांच्या माणसाशी वाद घालताना आवाज आपोआप खाली येतो.

"करंट मोजायचाय न्हवं? मग ह्यो धंदा कशाला?" त्यांनी पिशवीतनं क्लॅम्प मीटर काढला. "वायर तोडायची न्हाई, सोलायची न्हाई. नुसता चिमटा लावायचा."

"मामा, हा एसीचा क्लॅम्प आहे. बॅटरीवर चालत नाही."

"चालत न्हाई? बारा वर्सं चालतोय."

दुकानात टेस्टिंगला १२ व्होल्टची बॅटरी होती, तिला गाडीचा बल्ब जोडलेला. मामांनी त्या वायरला चिमटा लावला आणि डिस्प्ले सगळ्यांना फिरवून दाखवला. ०.०.

"बगा. करंटच न्हाई."

"अहो, बल्ब पेटलाय की!"

मामांनी बल्बकडं बघितलं. डोळे दिपावेत असा पेटला होता. मग माझ्याकडं बघितलं. "त्यो बॅटरीवर पेटलाय. करंटवर न्हाई."

"बॅटरीतून करंटच येतो ना!"

"हात लावा." त्यांनी माझं मनगटच धरलं आणि बोट टर्मिनलवर टेकवलं. "बसला का झटका? मग कसला करंट?"

यावर काय बोलणार? क्लॅम्पचे जबडे म्हणजे ट्रान्सफॉर्मर. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तरच त्यात व्होल्टेज तयार होतं. बॅटरीचा करंट डीसी, एकाच दिशेचा; त्याचं क्षेत्र एका जागी बसून राहतं, म्हणून शून्य. डीसीला हॉल सेन्सरवाला, म्हणजे न बदलणारं क्षेत्रही ओळखणारा क्लॅम्प लागतो. मी हे सांगितलं. एक कॉलेजचं पोरगं होतं, त्यानंही मामांच्या बाजूनं मान हलवली. "मीटर काय खोटं बोलंल होय?" दुकानदार म्हणाला. हा माणूस मीटर विकतो!

याच कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथवरचा माणूस दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरकावरून जॉब फेकून देतो. मायक्रोमीटर पोटच्या पोरासारखा पुसून ठेवतो. पण विजेचा विषय निघाला की मापं दोनच उरतात, 'फुल्ल हाय' आणि 'गेली'. त्या 'गेली'च्या जोरावर हजारोंच्या बॅटऱ्या बदलल्या जातात. जुनी परत घेऊन जातात ती खरंच मेलेली असते का, हे कुणी विचारत नाही. 'मोजून दाखवा' म्हणणारा मात्र चिक्कू ठरतो. घरात तर ठरलोच आहे.

दुकानदारानं ड्रॉवर उपसून आधी १० ओहमचा दिला. हजारपट. परत केला, तेव्हा कपाळाला आठ्या. शेवटी 'आर ०१०' छापलेला एक मिळाला.

"ऐंशी रुपये."

"शून्य रेझिस्टन्सचं ऐंशी?" मामा ओरडले. "एक ओहमचा कितीला?"

"पाच रुपये."

दुकानात पुन्हा हशा. मी मुकाट्यानं पैसे दिले.

पायरी उतरतोय तोवर मामा मागून आले, आवाज एकदम मऊ. "साहेब, आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ उचलत न्हाई. बॅटरीत करंट कमी पडतोय वाटतं. तुमचं ते बनलं की जरा लावून बगूया का?"

ट्रॅक्टरचा सेल्फ शेकडो अँपियर ओढतो, माझा ऐंशी रुपयांचा शंट तिथं धूर काढेल. पण हे काही मी समजावत बसलो नाही.

म्हटलं, "चिमटा लावा की मामा."