रंग माशाचा उडतो, धाबं माझं दणाणतं

कुत्रं आजारी पडलं की कण्हतं. मांजर आजारी पडलं की पलंगाखाली जाऊन बसतं आणि शोधायला येणाऱ्याला ओरबाडतं. खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला की रंग बदलतो. आजारी नसला तरीही रंग बदलतो. या छंदातला सगळा ताप त्या शेवटच्या वाक्यात आहे.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत यलो टँग नावाचा एक मासा आहे. इतका पिवळा, की त्याच्या अंगावर दुसऱ्या कुठल्याही रंगाचा ठिपका उमटला तर तो खोलीच्या दारातून दिसावा. हीच अडचण. करड्या माशांना चार आजार होऊन बरेही होत असतील, मालकाला पत्ता लागत नसेल. याचं सगळं जाहीर. त्यातून टँग मंडळी प्रकृतीने नाजूक. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार टाकीत शिरला की पहिला मान त्यांचाच.

थोडं शास्त्र सांगतो, म्हणजे पुढचा मनस्ताप नीट पोचेल. माशाच्या कातडीत रंगद्रव्य भरलेल्या पेशी असतात. पेशीतलं रंगद्रव्य पसरलं की रंग गडद, मध्यभागी गोळा झालं की फिका. हे पसरणं-आकसणं मज्जातंतू आणि संप्रेरकं ठरवतात. म्हणजे भीती, झोप, भांडण, प्रेम, सगळं ताबडतोब कातडीवर छापून येतं. आपल्याला चारचौघांत निदान चेहरा तेवढा सांभाळावा लागतो. याला डोक्यापासून शेपटीपर्यंत सांभाळावं लागतं, आणि तो मुळीच सांभाळत नाही. शिवाय पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं माशाला स्वतःच्या अंगात बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. तेव्हा मासा सगळीकडून सारखाच फिकटला असेल आणि ठिपका एकही नसेल, तर औषधाच्या बाटलीआधी खाद्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. टँगला समुद्री शेवाळ लागतं. ते डब्यात नसेल तर आजारी डबा आहे.

रात्री तर कहर असतो. दिवे मालवले की यलो टँग आपला पिवळेपणा उतरवून ठेवतो. अंग मळकट तपकिरी होतं आणि कुशीवर एक लांबट पांढरा पट्टा उमटतो. फॉक्सफेस नावाचा त्याचा शेजारी त्याहून सरस. त्याच्या अंगावर असे काही चट्टे येतात की पाहणाऱ्याने श्रद्धांजलीच्या मजकुराला लागावं. सकाळी दिवे लागले की थोड्याच वेळात दोघे पूर्ववत. हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. मुक्कामाला आलेल्या मेव्हण्याला ठाऊक नव्हतं. तो रात्री पाणी प्यायला उठला आणि जाता जाता त्याने मोबाइलचा टॉर्च टाकीवर मारला.

"दाजी! उठा! मासा गेला!"

"गेला नाही, झोपलाय," बायको आतूनच म्हणाली.

"अगं ताई, पांढराफटक पडलाय!"

"तुझ्या तोंडावर मध्यरात्री कुणी टॉर्च मारला तर तू काय गुलाबी होशील?"

त्या रात्रीपासून मेव्हण्याने आमच्या माशांच्या आरोग्याचं खातं स्वतःकडे घेतलं. तो आपल्या घरी परतला, खातं परतलं नाही. ते फोनवरून चालू राहिलं.

आणि मग खरेच ठिपके आले. इथे एक पेच आहे, आणि माझ्या मते खाऱ्या पाण्याच्या छंदातला हाच सगळ्यांत मोठा पेच. बहुतेक आजारांत घाई केली की मासा दगावतो आणि काहींत थांबलं की दगावतो. पहिल्या दिवशी दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसतात.

मिठाच्या कणाएवढे, वेगवेगळे मोजता येतील असे पांढरे ठिपके म्हणजे मरीन इक. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. हा दिवसांची सवड देतो. त्याहून कितीतरी बारीक, मोजताच येणार नाही अशी सोनेरी-पांढुरकी धूळ अंगावर बसल्यागत दिसली तर वेल्व्हेट, म्हणजे अमायलोओडिनियम नावाचा दुसरा परजीवी. हा एखाद-दोन दिवसांतही टाकी रिकामी करू शकतो. त्याची आधी कल्ल्यांवर धाड पडते, त्यामुळे कित्येकदा धूळ दिसायच्या आतच मासा जातो. म्हणून जाणकार सांगतात, ठिपके मोजत बसू नका, श्वास मोजा. धापा टाकतोय का, उजेड टाळतोय का, पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभा आहे का, ते पाहा. सल्ला अगदी योग्य. फक्त श्वास मोजायचे तर माशाने मिनिटभर एका जागी थांबायला हवं, आणि आमचा टँग मिनिटभर एका जागी थांबला असता तर त्याच काळजीने मी अर्धा झालो असतो.

त्यातून टाकीवरचे दिवे निळे. कोरल, म्हणजे प्रवाळ, त्यांच्याखाली झगमगतात, पण पिवळा मासा हिरवट दिसतो आणि त्याची तब्येत कुणालाच कळत नाही. निदान करायचं तर पांढरा दिवा लावून तिरक्या कोनातून पाहावं लागतं. त्यामुळे मी जमिनीवर आडवा पडून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून टाकीकडे बघत होतो. कन्येने येऊन विचारलं, "बाबा, नक्की कोणाला बरं नाहीये?"

मेव्हण्याला फोटो हवे होते. पाठवले. पिवळी रेघ, पिवळा धूर, शेपटी, शेपटी, काचेत दिसणारा माझा चेहरा. त्याने शेवटचा फोटो मोठा करून पाहिला आणि डोळ्यांखाली काळसरपणा दिसतो असं कळवलं.

काळसरपणावरून सांगायलाच हवं. यलो टँगच्या अंगावर मिरीच्या पुडीएवढे काळे ठिपके आले तर ते इक नव्हे; तो एक चिमुकला चपटा किडा असतो. त्यावर गोड्या पाण्याची आंघोळ आणि प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध चालतं. क्लाउनफिशवर काळे डाग आले तर आणखी वेगळी कथा. नव्या ॲनिमोनीत, म्हणजे डंख मारणाऱ्या समुद्रफुलात, किंवा एखाद्या कोरलमध्ये मुक्काम हलवला की तिथल्या डंखांनी त्याच्यावर असे डाग उमटतात, सवय झाली की आपोआप जातात. याला आजार म्हणत नाहीत, संसार म्हणतात. पण त्याच क्लाउनच्या अंगावरून पांढरा चिकट थर सालपटं निघावीत तसा सुटू लागला तर ती ब्रुकलिनेला, आणखी एका परजीवीची करणी, आणि तिथे धावायचंच. तिच्यावर इकसाठी वापरतात ते तांब्याचं औषध काम करत नाही, फॉर्मेलिन लागतं. टँगच्या डोक्यावर आणि कुशीच्या रेषेवर फिकट खड्डे पडत गेले तर संसर्ग शोधू नये. आहार आणि फिल्टरमधला कोळसा पाहावा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिग्नाइटपासून बनवलेल्या कोळशाने टँगच्याच कुळातल्या सर्जनफिशना नेमके असे खड्डे पडल्याचं दिसलं. म्हणजे पाणी निर्मळ राहावं म्हणून घातलेली वस्तूच कधी कधी मुळाशी असते. हे वाचल्यापासून मी फिल्टरकडेही जरा संशयानेच बघतो.

आमच्या टँगचे ठिपके मोजता येत होते, श्वास शांत होता, भूक शाबूत होती. इक. आता इकची लबाडी ऐका. हा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की गळून पडतो, वाळूत किंवा दगडावर गाठ करून बसतो आणि आत शेकड्यांनी पिल्लं तयार करतो. म्हणजे ठिपके आपोआप जातात. मासा स्वच्छ, लखलखीत, पिवळाधमक दिसतो. त्या आठवड्यात ज्याने जो उपाय सुचवला असेल तो रामबाण ठरतो. मेव्हण्याने खाद्यात लसणाचा रस घालायला सांगितलं होतं. ठिपके गेल्याचं त्याला कळलं आणि त्याचा आवाजच बदलला. तो मला "बघा, दाजी" असं म्हणू लागला, आणि त्या "बघा"मध्ये पुढची अनेक वर्षं सामावलेली होती. लसणाने माशाला भूक लागत असेल; इक लसणाला भीक घालत नाही. काही दिवसांनी गाठी फुटल्या आणि ठिपके दुपटी-तिपटीने परत आले. मेव्हणा म्हणाला, लसूण कमी पडला.

"दाजी, मग औषध थेट मोठ्या टाकीत ओतून मोकळे का होत नाही?"

कारण इकचं खात्रीचं औषध तांबं, आणि तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगायी, कोरल या सगळ्यांचा काळ. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून बसतात, मग माशाच्या वाट्याला किती आलं ते कळत नाही. म्हणून माशाला वेगळ्या टाकीत न्यायचं. या वाक्यातलं "न्यायचं" हे क्रियापद ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने मासा कधी धरलेला नसावा.

खोल पाण्यात हात घालून टँग धरता येत नाही. दगडांच्या ज्या फटीत आपलं बोटही जात नाही तिथे तो आडवा होऊन जातो. जाळं वापरावं तर शेपटीच्या मुळाशी असलेलं त्याचं धारदार पातं जाळ्यात अडकतं. सर्जनफिश म्हणतात ते त्यामुळेच. मग पारदर्शक सापळा लावला, आत शेवाळाची पट्टी अडकवली आणि दोरी धरून बसलो. सापळ्यात क्लाउन आला. फॉक्सफेस आला. कोळंबी आली आणि पट्टीचा तुकडा घेऊन गेली. टँग बाहेर उभं राहून आत कोण कोण जातंय ते पाहत राहिला. शेवटी दगड उपसावे लागले. महिनोन्‌महिने खपून रचलेला तो समुद्रतळ बादल्यांमध्ये जाऊन बसला, बायकोने फरशीवर टॉवेल अंथरले, आणि सगळे दगड निघाल्यावर टँग निमूटपणे भांड्यात आला. बाकीच्या माशांनाही त्याच्यामागे जावंच लागलं, कारण परजीवीसाठी टाकीत एकही यजमान शिल्लक ठेवायचा नसतो.

वाटेत गोड्या पाण्याची आंघोळ. पाण्याचं तापमान आणि पीएच टाकीइतकंच ठेवून, हवेचे बुडबुडे देणारा दगड आत टाकून साधारण पाच मिनिटं. इकवर याचा उपयोग नाही, पण अंगावर फ्लूक नावाचे पारदर्शक चपटे किडे असतील तर ते पांढरे होऊन गळून पडतात आणि वेगळं निदान होतं. कन्या घड्याळ धरून उभी होती. क्लाउनने आत जाताच कुशीवर पडून प्राण सोडल्याचा उत्तम अभिनय केला. काही मासे असं करतात. बाहेर काढल्यावर त्यांना काही झालेलं नसतं. घड्याळवालीला मात्र झालं.

इस्पितळाची टाकी ही जगातली सर्वांत कुरूप वस्तू आहे. उघडी काच, हीटर, स्पॉन्ज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो. वाळू नाही, दगड नाही, कोळसा नाही. टँगने एक एल्बो निवडला आणि त्यातून दोन दिवस आमच्याकडे पाठ करून बसला. तांब्याची मात्रा औषधागणिक वेगळी. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंशी बांधलेल्या, प्रकारात साधारण २ ते २.५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). कमी पडली तर परजीवी सुखात, जास्त झाली तर मासा संकटात. म्हणून ती हळूहळू चढवायची आणि सतत मोजायची. मोजायची कशी? परीक्षानळीतल्या पाण्याचा रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवून. रंग ओळखता येईना म्हणून सुरू झालेलं प्रकरण, त्यात उपचारही रंग ओळखण्यावर! मला नळी फिकट निळी दिसे, बायकोला जरा कमी फिकट, आणि कन्या म्हणे की कार्डच फिकं पडलंय. अखेर आकडा दाखवणारं यंत्र आणलं आणि घरात शांतता नांदली. त्यात आणखी एक गंमत: नव्या टाकीत पुरेसे जीवाणू नसतात, अमोनिया साठतो, आणि अमोनियाने कातडी भाजून नवेच डाग पडतात. म्हणजे इस्पितळात राहून माशाला इस्पितळाचा आजार होऊ द्यायचा नाही, ही वेगळी नोकरी.

मोठी टाकी इकडे माशांविना. इकच्या काही गाठींतून ७२ दिवसांनीही पिल्लं निघाल्याची नोंद आहे, म्हणून छंदवाले ७६ दिवस टाकी बिनमाशांची ठेवतात. या काळात दिवे, पंप, हीटर, सगळं चालू. कोळंबीचं राज्य. येणारा पाहुणा काचेला नाक लावून विचारतो, "यात काय असतं?" मी म्हणतो, मासे. तो आणखी वाकतो, बराच वेळ शोधतो, आणि सभ्य असेल तर "वा, छान लपलेत" म्हणतो.

मासे परतले. टँग पिवळाधमक, श्वास शांत, वृत्ती पूर्वीइतकीच तुसडी. आणि क्लाउनच्या पंखाच्या कडेला पांढुरका, खडबडीत पुंजका. लिम्फोसिस्टिस. हा विषाणू. यावर औषध नाही, लागतही नाही. बहुधा आपोआप जातो, फक्त माशाला ताण पडू द्यायचा नाही आणि पाणी चांगलं ठेवायचं. मी हे मेव्हण्याला फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना.

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

"लसूण?"

"नाही."

"दाजी, असं कसं? निदान पाणी तरी बदला हो त्याचं."

इतक्या महिन्यांत त्याने सुचवलेला हा पहिला बिनचूक उपचार. मी फोन ठेवला आणि बादली शोधायला गेलो.