‘चौथ्या दिवशी कासवाने डोळे उघडले नाहीत’ – एक स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बाकीचं नंतर. कासवाच्या पेटीत लावायला आमच्याकडून घेतलेली ती यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब अजून चालू असेल तर आधी बंद करा. उबेचा दिवा मात्र चालू राहू द्या, थंडीत कासव आणखी मलूल होईल. मनाने डोळ्यांत कुठलेही थेंब घालू नका. डोळे सुजायला दुसरीही कारणं असतात, त्यामुळे आज नाही तर उद्या सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवाच. जाताना पेटीचा आणि दिव्याचा फोटो सोबत न्या. जवळच्या तीव्र यूव्हीमुळे डोळ्याच्या पुढच्या पडद्याला दाह झाला असेल, तर दिवा काढल्यावर तो बहुतेक वेळा ओसरतो. पण ते डॉक्टरांनी पाहून सांगायला हवं, मी इथे बसून नाही.

तुम्ही लिहिलंय की जुनी ट्यूब जाळीवर ठेवलेली होती, अडीच वर्षं चालली आणि काही त्रास झाला नाही. आमची १२ टक्क्यांची (टक्के म्हणजे खोक्यावर लिहिलेलं यूव्हीबीचं प्रमाण) टी५, म्हणजे बारीक ट्यूब जाळीच्या आतून लावली, फोनवर अंतर विचारलं, आम्ही ३० सेंटीमीटर सांगितलं, तुम्ही पट्टीने मोजून तेवढंच ठेवलंत. चौथ्या दिवशी डोळे बंद, खाणं बंद. शेवटी तुम्ही म्हणता, ‘एक तर दिव्यात दोष आहे, नाही तर या लोकांना काही कळत नाही.’

दिव्यात दोष नव्हता. चूक आमच्या सांगण्यात होती. फोनवर बोललेल्या मुलाला दोष देऊ नका. ‘३० सेंटीमीटर सांग’ हे त्याला मीच शिकवलं होतं. ३० कुठून कुठपर्यंत मोजायचे, हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. ट्यूबच्या बरोबर खाली काळा चपटा दगड आहे आणि तुमचं हर्मन जातीचं कासव त्यावर चढून ऊन खातंय. तुम्ही मोजलं ते पेटीच्या तळापासून, आणि आम्ही सांगितलेल्या शब्दांचा अर्थ तोच होतो. पण दगड ४ सेंटीमीटर उंच, त्यावर कासवाची पाठ साधारण १० सेंटीमीटर. म्हणजे पाठीपासून ट्यूब उरली १६ सेंटीमीटरवर, आणि मान वर केली की डोळेही जवळपास तेवढ्याच अंतरावर.

काल रात्री त्याच जातीची नवी ट्यूब, तुम्ही घेतलीत तशाच रिफ्लेक्टरमध्ये बसवून मी टेबलावर तुमची मांडणी केली आणि खाली सोलरमीटर ६.५ धरला. हा मीटर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा दाखवतो. १६ सेंटीमीटरवर आकडा १० च्या वर गेला. मीटर हळूहळू खाली नेला तेव्हा ४० सेंटीमीटरच्या आसपास तो ३ वर आला. ट्यूब तीच, रिफ्लेक्टर तोच. डोळ्याला मात्र दोन्हीकडे उजेड जवळपास सारखाच दिसत होता. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार करणारा भाग, आपल्याला दिसत नाही, म्हणून उजेडावरून अंदाज बांधणारा माणूस दर वेळी फसतो.

३ हा आकडा मी कुठून आणला, तेही सांगतो. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या रानात सरडे-साप प्रत्यक्ष किती ऊन घेतात ते मोजून २०१० मध्ये चार पट्टे मांडले. सावलीत राहणाऱ्या प्राण्यांचा पहिला, भर उन्हात बसणाऱ्यांचा चौथा. हर्मन आणि ग्रीक कासवं साधारण तिसऱ्या पट्ट्यात धरतात. तिथे यूव्ही इंडेक्सची दिवसभराची सरासरी १ ते २.६ असते, आणि कमाल आकडा त्याहून बराच वर जाऊ शकतो. पण रानात कमाल उन्हाच्या वेळी कासवाला झुडपाखाली जायला जागा असते. पेटीत ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तर ते जाणार कुठे? म्हणून घरात आम्ही ऊन खायच्या जागी, पाठीच्या उंचीवर, ३ च्या आसपास धरतो आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण सावली ठेवायला सांगतो. ट्यूबची लांबी पेटीच्या निम्म्याइतकी पुरे. लाल पायाच्या कासवासारख्या जंगलातल्या जातीला तर याहून बरंच कमी लागतं. त्यांच्यासाठी ही १२ टक्क्यांची ट्यूब आम्ही सुचवतच नाही.

आता जुन्या ट्यूबविषयी. ती चालत होती म्हणून काही झालं नाही, असं तुम्हाला वाटतंय. माझी खरी काळजी तिथेच आहे. तुमच्या जुन्या फोटोतली ट्यूब जाड, म्हणजे टी८ आहे. अशा ट्यूबचं यूव्हीबी साधारण सहा महिन्यांत इतकं उतरतं की ती बदलावी लागते. टी५ ला वर्षभर धरतात. उजेड त्यानंतरही लख्ख राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यात बारीक जाळी आणखी तिसरा हिस्सा ते निम्मं अडवते. म्हणजे तुमच्या कासवाने बहुधा दोन वर्षं जवळजवळ यूव्हीबीशिवाय काढली, आणि मग एका सकाळी अंगावर एकदम कडक दुपार आली. डॉक्टरांकडे जाल तेव्हा डोळ्यांसोबत पोटाकडचं कवच दाबून बघायला सांगा, जबडा मऊ लागतो का तेही बघायला सांगा, आणि ते म्हणाले तर एक्स-रे काढून घ्या. यूव्हीबी नसेल तर कातडीत डी३ तयार होत नाही, डी३ नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेतं. हे महिनोन् महिने गुपचूप चालतं. तुमच्या अभिप्रायातली ‘अडीच वर्षं काही त्रास झाला नाही’ ही एक ओळ वाचल्यावर मला झोप लागली नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आता असल्या ट्यूबच्या नादी लागणार नाही, एक तर गुंडाळीचा छोटा यूव्ही बल्ब आणीन, नाही तर पेटी खिडकीशी ठेवीन. ताई, रागाच्या भरात हे करू नका. बंद काचेतून उजेड आणि ऊब आत येते, यूव्हीबी जवळजवळ सगळं बाहेरच राहतं. उलट उन्हात तापलेल्या काचेच्या पेटीत कासव शिजल्यासारखं होतं. गुंडाळीच्या बल्बचा यूव्हीबीचा झोत लहान असतो. एवढ्या लांब प्राण्याचं डोकं त्यात आलं तर मागचा भाग बाहेर राहतो. मर्क्युरीचा मोठा बल्ब कुणी सुचवेल, कारण त्यात ऊब आणि यूव्ही दोन्ही मिळतं. पण तीच त्याची अडचण आहे. जागा फार तापली की तो वर घ्यावा लागतो, आणि वर घेतला की यूव्हीही उतरतं. तो थर्मोस्टॅटवर किंवा डिमरवर चालवता येत नाही. उंच पाठीचा कळस तापतो आणि पाय गारच राहतात.

तुमच्यासाठी मला सगळ्यात बरं वाटतं ते असं: टी५ ट्यूब, तिच्याच बाजूला वेगळा उबेचा दिवा, दोन्ही डोक्यावरून. बाजूने कधीच नाही, बाजूचा झोत सरळ डोळ्यात जातो. ऊब आणि यूव्ही एकाच दगडावर पडायला हवी, कारण यूव्हीबीने कातडीत जे सुरुवातीचं द्रव्य तयार होतं त्याचं डी३ व्हायला अंगाची ऊब लागते. त्या दगडाजवळ ३५ अंशांच्या आसपास तापमान ठेवा. दोन्ही दिवे टायमरवर बारा तास, रात्री पूर्ण अंधार. पुन्हा सुरू करायला डॉक्टरांनी हो म्हटलं की ट्यूब कासवाच्या पाठीपासून ४० सेंटीमीटरवर टांगा, आणि पहिले काही दिवस एक-दोन तासच लावा. पेटीची उंची पुरत नसेल तर मला कळवा, त्या उंचीला कमी टक्क्यांची ट्यूब बसवू. खोक्यावरचे टक्के दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये जुळवून बघू नका, ते एकमेकांशी जुळत नाहीत. मीटरचा आकडाच खरा.

आमच्या बाजूने आम्ही हे केलंय. ट्यूबचे पूर्ण पैसे आजच परत पाठवले आहेत, आणि तपासणीचा खर्चही आम्ही देणार आहोत, बिलाचा फोटो फक्त पाठवा. प्रत्येक खोक्यात जो कागद जातो त्यावरचं ‘३० सेंटीमीटर अंतर ठेवा’ हे वाक्य काढून टाकलंय. त्या जागी आता कासवाचं एका बाजूने काढलेलं चित्र आहे, दगडासकट, आणि बाण पाठीपासून ट्यूबपर्यंत जातो. फोनवर आमची माणसं आता तीन गोष्टी विचारल्याशिवाय अंतर सांगणार नाहीत: मधे जाळी किंवा काच आहे का, प्राणी सगळ्यात उंच कुठे चढतो, आणि आधीची ट्यूब किती जुनी आहे. गेल्या तीन महिन्यांत ही ट्यूब ज्यांनी नेली त्या सगळ्यांना आजपासून फोन करतोय.

एक स्टार काढा असं मी म्हणणार नाही. पुढच्या माणसाने तो वाचावा आणि त्याखाली हेही वाचावं. मीटर मी तुमच्याकडे आठवडाभरासाठी पाठवतोय, नवी मांडणी झाली की स्वतः मोजून बघा. आणि कासवाने डोळे उघडले की दोन शब्द नक्की कळवा, मी वाट बघतोय.