‘पीई १५ च्या खाली म्हणजे शेअर स्वस्त’? आधी त्यातला नफा तपासा

पीई रेशोबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच: ‘शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा म्हणजे पीई. तो १५ च्या खाली असेल तर शेअर स्वस्त, १५ ते २५ रास्त, २५ च्या वर महाग. पीई म्हणजे तुमचे पैसे किती वर्षांत वसूल होतील तो आकडा. भाव भावनेवर हलतो, पण नफा ही वस्तुस्थिती असते, म्हणून पीई फसवत नाही. एकाच क्षेत्रातल्या दोन कंपन्यांपैकी कमी पीईची निवडा. आणि शेअर स्वतःच्या जुन्या सरासरी पीईच्या खाली आला की डोळे झाकून घ्या.’

व्याख्या बरोबर आहे. पुढचं जवळपास प्रत्येक वाक्य चूक किंवा अर्धवट आहे, आणि त्याचा फटका नवख्या माणसाला बसतो. तो स्क्रीनरवर (अटी टाकून शेअर गाळून देणाऱ्या संकेतस्थळावर) ‘पीई १५ पेक्षा कमी’ अशी अट टाकतो आणि आलेल्या यादीतून दोन-चार नावं उचलतो. अशी यादी एकदा नीट बघा. तेजीच्या शिखरावर असलेल्या धातू आणि जहाज कंपन्या, जमीन विकून एका वर्षापुरता नफा फुगलेल्या कंपन्या, कर्जाने वाकलेल्या कंपन्या, आणि ज्यांच्या हिशेबावर बाजाराचा विश्वासच नाही अशा कंपन्या तिथे हमखास भेटतात. खरोखर स्वस्त शेअरही त्यात असतात, पण ते ओळखून काढण्याचं काम पीई करत नाही.

संदेशातल्या क्रमाने न जाता नफ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दावे त्याच्यावर उभे आहेत.

‘नफा ही वस्तुस्थिती असते, म्हणून पीई फसवत नाही.’

नफ्याचा आकडा हिशेबाच्या नियमांतून आणि व्यवस्थापनाच्या अंदाजांतून तयार होतो. घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) किती वर्षांत काढायचा, बुडीत येण्यांसाठी किती तरतूद करायची, महसूल कधी धरायचा, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. हे सगळं प्रामाणिकपणे केलं तरी एका वर्षाचा नफा त्या धंद्याची खरी कमाई दाखवेलच असं नाही.

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी वाढवलेल्या बर्कशायर हॅथवे कंपनीचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेतला हिशेबाचा नियम बदलला आणि कंपनीकडे असलेल्या शेअरच्या भावातली चढउतार, ते शेअर विकले नसले तरी, थेट निव्वळ नफ्यात धरली जाऊ लागली. त्या वर्षी बर्कशायरचा निव्वळ नफा दिसला सुमारे ४ अब्ज डॉलर. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तो झाला सुमारे ८१ अब्ज. बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) २०१८ च्या शेवटी ५०० अब्जांच्या आसपास होतं आणि २०१९ च्या शेवटी साधारण ५५० अब्ज. भागाकार करून बघा: आधी पीई सव्वाशेच्या घरात, वर्षभराने ७ च्याही खाली. संदेशाच्या हिशेबाने एकच कंपनी बारा महिन्यांत ‘अतिमहाग’ची ‘मातीमोल’ झाली. प्रत्यक्षात तिच्या विमा, रेल्वे, वीज वगैरे धंद्यांची कमाई दोन्ही वर्षी २४-२५ अब्ज डॉलर होती, जवळजवळ जिथल्या तिथे. वॉरन बफे स्वतः भागधारकांना हा निव्वळ नफ्याचा आकडा बाजूला ठेवायला सांगत आले.

लहान कंपन्यांत हेच जास्त साध्या वाटेने होतं. समजा भाव १०० आहे आणि प्रति शेअर नफा १०, म्हणजे पीई १०. निकालाचं पत्रक उघडलं तर दिसतं की त्या १० पैकी ६ जागा विकून आले आहेत. धंद्याची कमाई ४. मग खरा पीई २५ झाला, आणि संदेशातल्या ‘स्वस्त’ खणातून शेअर ‘महाग’च्या उंबरठ्यावर आला. म्हणून ‘अपवादात्मक बाबी’ आणि ‘इतर उत्पन्न’ या दोन ओळी वाचल्याशिवाय कोणताही पीई खरा धरू नये. धंद्यातून आलेली रोकड नफ्याच्या जवळपास आहे का, हेही रोख प्रवाहाच्या पत्रकात बघावं. वर्षानुवर्षं नफा दिसतो आणि रोकड येत नाही, अशा कंपनीचा कमी पीई बहुतेकदा बाजाराने दिलेला इशारा असतो.

चक्रीय धंद्यांत तर पीई उलटाच बोलतो. पोलाद, तांबं, सिमेंट, रसायनं, जहाजवाहतूक यांत नफा लाटेसारखा येतो आणि जातो. लाटेच्या माथ्यावर नफा प्रचंड असतो, बाजाराला तो टिकणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून भाव नफ्याइतका चढत नाही आणि पीई सगळ्यात कमी दिसतो. तळाला नफा नाहीसा होतो, भाव त्या मानाने कमी पडतो, पीई आभाळाला टेकतो. शेअर बाजाराचे अभ्यासक निकोलस मोलोडोव्स्की यांनी १९५३ मध्येच हे मांडलं होतं.

झिम ही कंटेनर जहाजांची कंपनी बघा. महासाथीच्या काळात मालवाहतुकीचे दर कडाडले आणि २०२१ मध्ये तिला सुमारे ४.६ अब्ज डॉलर नफा झाला, प्रति शेअर ३९ डॉलरच्या आसपास. मार्च २०२२ मध्ये शेअर ९० डॉलरपर्यंत गेला तेव्हाही पीई अडीचच्या आत होता. २०२२ चा नफाही तितकाच भरघोस. २०२३ मध्ये दर कोसळले आणि अडीच अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शेअर १० डॉलरच्या खाली होता. मधल्या काळात कंपनीने प्रति शेअर ३० डॉलरच्या वर लाभांश वाटला, तो धरलाच पाहिजे. तरीही शिखरावर घेणाऱ्याचं निम्म्याच्या आसपास भांडवल गेलं. अडीच पीईला घेऊन!

याच्या विरुद्ध टोक २००९ चं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकातल्या कंपन्यांचा एकत्रित नोंदवलेला नफा उणे झाला. मागच्या बारा महिन्यांचा नफा इतका आटला की ९ मार्च २००९ ला निर्देशांक ६७६ वर, म्हणजे मंदीच्या तळाला, बंद झाला तेव्हा पीई २५ च्या कितीतरी वर होता. संदेश वाचून जो ‘फार महाग’ म्हणून बाजूला राहिला, त्याने चार वर्षांत दुपटीहून जास्त झालेला बाजार काठावरून पाहिला.

‘पीई म्हणजे पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं.’

हे वाक्य खरं ठरायला दोन गोष्टी लागतात: नफा कायम तेवढाच राहायला हवा, आणि तो सगळा तुमच्या हातात पडायला हवा. दोन्ही जवळपास कधीच होत नाहीत. कंपनी नफ्यातला मोठा हिस्सा धंद्यात ठेवते. तुम्हाला मिळतो तो लाभांश.

वाटणी विसरून नुसता नफा मोजला तरी हिशेब जुळत नाही. पीई २० असलेल्या कंपनीचा नफा पुढच्या वर्षापासून दरसाल १५ टक्क्यांनी वाढला, तर नफ्याची बेरीज भावाएवढी व्हायला साधारण सव्वानऊ वर्षं लागतात. तोच नफा दरसाल ५ टक्क्यांनी घटत गेला, तर अनंत काळापर्यंतची बेरीजसुद्धा आजच्या नफ्याच्या १९ पटच होते. २० पट भाव दिलेल्याचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत. पीई दोन्हीकडे २० च आहे.

‘१५ च्या खाली स्वस्त, २५ च्या वर महाग.’

१५ हा आकडा मुळात बफे यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांच्या नियमाची आठवण करून देतो. पण त्यांचा नियम होता तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या १५ पट, आणि तो एकटा नव्हता. कंपनीचा आकार, कर्जाची स्थिती, दहा वर्षांत एकदाही तोटा नसणं, वीस वर्षं अखंड लाभांश, नफ्यातली वाढ, पुस्तकी मूल्याशी (मालमत्ता वजा देणी) भावाचं प्रमाण, अशा चाळण्यांतून पार झालेल्या कंपनीसाठीच ती मर्यादा होती. चाळण्या गळल्या, ‘तीन वर्षांची सरासरी’ गळली, उरला तो नुसता आकडा.

शिवाय व्याजदराशिवाय कोणत्याही पीईला अर्थ नाही. पीई उलटा केला की नफ्याचा दर मिळतो: पीई ८ म्हणजे साडेबारा टक्के, पीई २५ म्हणजे चार टक्के. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर १५ टक्क्यांहून जास्त व्याज मिळत होतं, आणि शेअर बाजाराचा पीई ८ च्या आसपास होता. २०२० च्या मध्यात त्याच रोख्यावर १ टक्काही मिळत नव्हता आणि पीई २५ च्या वर होता. दोन्ही काळांना १५ ची एकच पट्टी लावून काय हाती लागणार?

यावरून काही जण दुसरं टोक गाठतात आणि म्हणतात की कंपनी चांगली असेल तर पीई बघायचंच कारण नाही. तेही मला अजिबात मान्य नाही. मार्च २००० मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा पीई १०० च्या कितीतरी वर होता. कंपनी उत्तम होती, पुढेही राहिली. पुढच्या वीस वर्षांत तिचा वार्षिक नफा चौपट झाला. तरीही २०२० मध्ये शेअर त्या शिखराच्या बराच खाली होता. जपानच्या निक्केई निर्देशांकाचं १९८९ च्या डिसेंबरातलं शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. भाव फार जास्त दिला की चांगला धंदाही गुंतवणूक वाचवत नाही.

‘एकाच क्षेत्रात कमी पीईची कंपनी निवडा.’

संदेशातला हा सल्ला सगळ्यात शहाणा वाटतो, म्हणून थोडा वेळ घेऊन तपासू.

दोन कंपन्या, धंदा एकच, दोघींचा व्याज-कर वगळण्यापूर्वीचा नफा १००. कर २५ टक्के. पहिलीवर कर्ज नाही, तिचा निव्वळ नफा ७५. बाजारमूल्य १,००० धरलं तर पीई १३ च्या थोडा वर. दुसरीने ५०० कर्ज ६ टक्क्यांनी घेतलंय. व्याज ३०, करानंतर नफा ५२.५. धंद्याची एकूण किंमत तीच १,००० धरली तर भागधारकांचा वाटा ५००, आणि पीई साडेनऊ. धंद्यात तिळमात्र फरक नाही, तरी दुसरी ‘स्वस्त’ दिसते. आता मंदी आली आणि धंद्याचा नफा निम्मा झाला. पहिलीचा निव्वळ नफा ७५ वरून ३७.५, म्हणजे अर्धा. दुसरीचा ५२.५ वरून १५, म्हणजे ७० टक्क्यांहून मोठी घसरण. कमी पीई दिसला तो या जास्तीच्या जोखमीमुळे.

आता कर्ज बाजूला ठेवू. दोघी बिनकर्जाच्या, दोघींचा नफा १०० आणि दोघींचाही दरसाल ८ टक्क्यांनी वाढणारा. एक कंपनी भांडवलावर १६ टक्के कमावते, दुसरी ४० टक्के. परत घातलेल्या पैशावरही तेवढीच कमाई होते असं धरलं, तर ८ टक्के वाढीसाठी पहिलीला निम्मा नफा धंद्यात परत घालावा लागतो, दुसरीला फक्त २०. म्हणजे मालकांना वाटायला पहिलीकडे ५० उरतात, दुसरीकडे ८०. कायम एकाच दराने वाढणाऱ्या वाटपाची किंमत काढायला ते वाटप ‘हवा असलेला परतावा वजा वाढ’ने भागतात. गुंतवणूकदाराला १२ टक्के परतावा हवा असेल, तर १२ वजा ८ म्हणजे ४ टक्क्यांनी भागून पहिलीची किंमत येते १,२५०, दुसरीची २,०००. रास्त पीई साडेबारा आणि २०. वाढ तीच, क्षेत्र तेच. साडेबाराची उचलून आपण सवलतीत खरेदी केली असं मानणाऱ्याला सवलत मिळालेलीच नाही. मालाची प्रतवारी कमी, म्हणून दर कमी. दुसरी १६ पीईला मिळत असेल तर खरी स्वस्त तीच.

‘जुन्या सरासरीच्या खाली आला की डोळे झाकून घ्या.’

जुनी सरासरी जुन्या परिस्थितीची असते. २० टक्क्यांनी वाढणारी कंपनी ७ टक्क्यांवर आली असेल तर तिचा पीई खाली यायलाच हवा, आणि तो परत वर जाण्याचं काही कारण नाही. कधीकधी तर मोजण्याची रीतच बदलते. निफ्टीचा पीई आधी कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्यावर काढला जायचा, त्यात उपकंपन्यांची कमाई धरली जात नसे. ३१ मार्च २०२१ पासून तो एकत्रित नफ्यावर काढू लागले आणि ४० च्या आसपासचा पीई एका दिवसात ३३ च्या आसपास आला. बाजार स्वस्त झाला नव्हता. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र करून काढलेली ‘दीर्घकालीन सरासरी’ कुणी दाखवली तर ती बाजूला ठेवा.

कमी पीईच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, आणि तो या संदेशात कुठेच नाही. वित्त विषयाचे अभ्यासक संजय बसू यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या कंपन्यांचे पीईप्रमाणे गट पाडून दाखवलं की कमी पीईच्या गटांनी जास्त पीईच्या गटांपेक्षा सरासरीने अधिक परतावा दिला होता. हा निष्कर्ष संपूर्ण गटाबद्दल, बऱ्याच वर्षांच्या काळासाठी आणि दरवर्षी नव्याने रचलेल्या यादीबद्दल आहे. गटातला कोणता शेअर तरेल आणि कोणता बुडेल, हे त्यातून कळत नाही. कमी पीईच्या वाटेने जायचंच असेल तर वेगवेगळ्या क्षेत्रांतले बरेच शेअर मिळून घ्यावे लागतात आणि काही वर्षं मागे पडायची तयारी ठेवावी लागते. एक-दोन शेअरच घ्यायचे असतील, तर त्या कंपनीचा दहा वर्षांचा नफा, कर्ज, रोकड आणि भांडवलावरचा परतावा कागदावर मांडूनच तिच्या पीईकडे वळावं.