मेणबत्ती जळतेय, म्हणून हवा चांगली?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, सांगणं तेच. टाकी किंवा चेंबर साफ करण्याआधी झाकण अर्धा तास उघडं ठेवा, मग पेटती मेणबत्ती दोरीने खाली सोडा. ती विझली नाही आणि वास आला नाही, तर माणूस बिनधास्त उतरवा. पाण्याच्या टाकीला तर तेवढंही नको. गॅस मीटर (हवेतले वायू मोजणारं यंत्र) हा कंपन्यांचा धंदा आहे. कुणाला चक्कर आलीच तर ओला रुमाल बांधून लगेच उतरा आणि त्याला वर काढा. खाली ‘जनहितार्थ’.

मेणबत्तीच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो अजून टिकून आहे. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझते हे खरं, पण किती कमी झाल्यावर? मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. मीटर १९.५ लाच कोकलायला लागतो. मेणबत्ती मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. तोवर माणसाला धाप लागलेली असते, डोकं धड चालत नसतं, शिडी चढायचं बळ गेलेलं असतं. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड जीव घेण्याइतका असला तरी ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि मिथेन? हवेत तो ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने भडका उडतो. म्हणजे हवा तपासायच्या नावाखाली आपण आगच खाली सोडतो.

वासाचं तर उलटंच आहे. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीच. (घरच्या पाइप गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो.) हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. ‘आता वास गेला, उतर’ असं मुकादम म्हणतो, तेव्हा वायू गेलेला असतो की नाक, हे त्याला सांगता येत नाही. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, त्याहून वर गेला तर एक-दोन श्वासांत.

पाण्याच्या टाकीत गॅस कुठला, असं विचारणाऱ्यांनी नागपाडा आठवावं. मार्च २०२५ मध्ये तिथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत माणूस मरायला विषारी वायूच लागतो असं नाही. गंजणारं लोखंड आणि आत राहून गेलेल्या शटरिंगच्या कुजणाऱ्या फळ्या हवेतला ऑक्सिजन खात राहतात. त्यात वॉटरप्रूफिंगच्या रसायनांची वाफ असली तर बघायलाच नको.

झाकण उघडं ठेवणं चांगलंच, पण पुरेसं नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. हवा खेळवायला ब्लोअर लागतो. शिवाय गाळात अडकलेला वायू फावडं घातल्यावर सुटतो. वरून तपासताना शून्य दिसलेला आकडा दहा मिनिटांनी शून्य राहीलच असं नाही, म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर, काम संपेपर्यंत चालू हवा.

‘धंदा’ या आरोपावर मी अर्धा सहमत आहे. मीटर नुसता पट्ट्याला लटकवून फोटो काढायचा असेल तर पैसे वायाच. यंत्र मोकळ्या हवेत सुरू करायचं, खड्ड्याशी नाही. ठरावीक प्रमाणाचा वायू त्याच्यावर सोडायचा आणि ते बोंबलतंय का हे वापराआधी बघायचं. याला बंप टेस्ट म्हणतात. मग नळी खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. आधी ऑक्सिजन बघायचा, कारण ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजन फार कमी असेल तर खोटा आकडा दाखवतो. सेन्सर म्हातारे होतात, कॅलिब्रेशन (आकडे बरोबर दाखवतंय ना हे तपासून जुळवणं) चुकवून चालत नाही. यातलं काहीच कंत्राटदाराला येत नसेल तर त्याला काम देऊ नका. आणि मीटर सोसायटीने विकत घ्यायची गरज नाही, कंत्राटाच्या अटीत लिहिला की झालं.

गटार आणि सेप्टिक टँकच्या बाबतीत तर हा वाद खर्चाचा उरतच नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तिथे माणूस उतरवणं गुन्हा आहे आणि नियमांतल्या साधनांच्या यादीत गॅस मॉनिटर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करायला सांगितलं. तिथे मशीनच बोलवायचं.

फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य ओल्या रुमालाचं. रुमाल धूळ अडवतो. वायू अडवत नाही आणि ऑक्सिजन तर देऊच शकत नाही. अमेरिकेच्या नियॉश या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेने १९८६ मध्येच बजावलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला उतरलेले असतात. एकाच टाकीतून तीन-तीन, चार-चार मृतदेह निघतात ते उगाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये विरारला सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चौघांचा जीव गेला.

म्हणून उतरणाऱ्याच्या अंगात आधीच हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), वर तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र). वरच्या माणसाने काही झालं तरी खाली जायचं नाही, दोर ओढायचा आणि १०१ ला फोन लावायचा. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं की माणूस बंद टाकीत पडलाय, म्हणजे अग्निशमन दलाचे जवान श्वसनसंच घेऊनच निघतील.